'मंकी आयलंड', एफ१० आणि जीर्णोद्धाराचा प्रश्न

जुन्या पॉइंट-अँड-क्लिक, म्हणजे माउसने क्लिक करत कोडी सोडवायच्या साहसी गेमचे रिमास्टर, म्हणजे नव्या चित्रांत आणि आवाजांत केलेली आवृत्ती, खेळताना हात अधूनमधून एका कळीकडे जातोच. २००९ साली आलेल्या 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड'च्या विशेष आवृत्तीत ती कळ एफ१० आहे. ती दाबली की नव्याने रंगवलेले मेली बेटाचे बंदर विरते आणि त्याच क्षणी ३२० बाय २०० ठिपक्यांतले जुने बंदर समोर येते. नायक गायब्रश थ्रीपवूड उभा असतो तिथेच असतो, फक्त त्याचा चेहरा मोजक्या ठिपक्यांचा झालेला असतो. यंदाच्या पावसात फोंड्याच्या घरी हा गेम पुन्हा खेळताना मी ही कळ शेकडो वेळा दाबली. तिने काय राखले आणि काय राखता आले नाही, हे नीट कळण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

साहसी गेमचा उगम चित्रांत नाही, अक्षरांत आहे. १९७६ साली विल क्राउदर यांनी लिहिलेला आणि पुढल्या वर्षी डॉन वुड्स यांनी वाढवलेला गुहेचा खेळ केवळ वाक्यांवर चालत असे. १९८० मध्ये रॉबर्टा आणि केन विल्यम्स या दांपत्याने 'मिस्ट्री हाउस'मध्ये रेषाचित्रे आणली आणि १९८४ च्या 'किंग्ज क्वेस्ट'मध्ये नायक चित्रात हिंडू-फिरू लागला. आज्ञा मात्र टंकूनच द्यावी लागे, आणि नेमका शब्द सुचला नाही तर उत्तर ठाऊक असूनही खेळाडू अडून राही. हा अडथळा १९८७ च्या 'मॅनिअॅक मॅन्शन'ने दूर केला. रॉन गिल्बर्ट आणि गॅरी विनिक यांच्या या गेमसाठी लुकासफिल्म गेम्सने 'स्कम' नावाची प्रणाली तयार केली. तिच्यात पडद्याच्या तळाशी क्रियापदेच मांडून ठेवलेली होती : उघड, ढकल, ओढ, दे, वापर. खेळाडूने क्रियापदावर क्लिक करायचे, मग वस्तूवर, आणि वाक्य पूर्ण होई. या गेमप्रकाराचा गाभा ही क्रियापदांची पट्टी आहे असे माझे मत आहे, आणि रिमास्टरचा सगळा वाद शेवटी तिच्यापाशीच येऊन ठेपतो.

१९९० मध्ये 'मंकी आयलंड' आला, तेव्हा गिल्बर्ट यांनी आदल्याच वर्षी एका लेखात मांडलेले आग्रह त्यात उतरले होते : खेळाडूला उगाच मारू नये, आणि एखादी वस्तू मागे राहिली म्हणून कित्येक तासांनी त्याची वाट कायमची बंद होऊ नये. आमच्या घरी हा गेम बोटीवर कामाला असलेल्या मामांनी आणला. गोव्यातल्या किती तरी घरांत टेपरेकॉर्डर, कॅमेरा, संगणक असेच बोटीवरून आले. फ्लॉपींच्या गठ्ठ्यासोबत पुठ्ठ्याच्या दोन चकत्यांचे एक चक्रही होते. गेम सुरू करताना पडद्यावर एका चाच्याचा चेहरा दिसे. चक्रावर चेहऱ्याचा वरचा आणि खालचा भाग जुळवायचा, आणि त्याला अमुक बंदरात कोणत्या साली फाशी दिली ते खिडकीत वाचून टंकायचे, अशी ती नक्कल रोखण्याची युक्ती होती. आम्ही त्या चकत्यांची झेरॉक्स काढली, ती मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर डकवली आणि मधोमध टाचणी खोचून ती शेजारच्या मित्राला दिली. मराठी माध्यमात शिकणाऱ्या आम्हा दोघांना 'पिक अप' आणि 'लुक अॅट' हे शब्दप्रयोग पाठ्यपुस्तकाच्या आधी त्या पट्टीने शिकवले.

'जुना' म्हणजे नेमका कोणता, हेही इथेच विचारून घेतले पाहिजे. पहिली आवृत्ती १६ रंगांची होती. मार्क फेरारी यांनी ठिपक्यांची गुंफण करून त्या १६ रंगांतून जी रात्र उभी केली, तिचा गर्द निळा मला आजही सर्वांत खरा वाटतो. पाठोपाठ २५६ रंगांची आवृत्ती निघाली आणि १९९२ मध्ये सीडी. जंगलातल्या एका झाडाच्या बुंध्यात डोकावले की '२२ क्रमांकाची डिस्क घाला' असा संदेश येई, आणि तशी डिस्क अस्तित्वातच नसे. ही थट्टा न कळल्याने लोक कंपनीकडे विचारणा करू लागले, म्हणून सीडीवरून ती काढून टाकली गेली. एफ१० दाबल्यावर दिसते ते २५६ रंगांचे रूप आहे. जुने म्हणून जे आपण पाहतो, तेही एकदा डागडुजी झालेलेच असते.

१९९८ चा 'ग्रिम फँडँगो' वाखाणला गेला, पण पुरेसा खपला नाही, आणि काही वर्षांतच लुकासआर्ट्सने (लुकासफिल्म गेम्सचेच हे पुढचे नाव) या प्रकाराकडे पाठ फिरवली. मधल्या काळात हे गेम जिवंत राहिले ते मुख्यतः २००१ मध्ये सुरू झालेल्या 'स्कमव्हीएम' या मुक्त प्रकल्पामुळे. जुन्या गेमच्या मूळ फाइली नव्या संगणकावर चालवणारे हे काम हौशी प्रोग्रामरांनी बिनमोबदला केले, आणि त्यांचे ऋण मोठे आहे.

अशा स्थितीत २००९ ची विशेष आवृत्ती आली. नवी चित्रे, नव्याने वाजवलेले संगीत आणि डॉमिनिक आर्माटो यांच्या आवाजातला गायब्रश यांनी मन भरून आले. पण नव्या रूपात क्रियापदांची पट्टी आणि गायब्रशने गोळा केलेल्या वस्तू पडद्याआड गेल्या. एक कोडे घेऊ. तुरुंगातल्या कैद्याला सोडवायला कुलपावर ग्रॉग ओतायची असते, आणि ती दारू इतकी जहाल की धातूचा मगही वितळवते. म्हणून मग वितळण्याआधी ती दुसऱ्या मगात, मग तिसऱ्यात ओतत गावातून धावत जायचे. जुन्या पडद्यावर मग डोळ्यांसमोरच वितळताना दिसतो आणि दोन क्लिकमध्ये काम होते. नव्या रूपात प्रत्येक वेळी वस्तूंची खिडकी उघडावी लागते आणि तेवढ्यात ग्रॉग सांडून जाते. मी तिसऱ्या प्रयत्नानंतर एफ१० दाबली आणि जुन्या पडद्यावर कैदी सोडवला. पण तिथे गेल्यावर आवाज बंद होतात, कारण ही कळ चित्र, ध्वनी आणि हाताळणी अशा तिन्ही गोष्टी एकत्रच बदलते.

आमच्याकडे देवळांचा जीर्णोद्धार होतो तेव्हा भिंतीवरची कावीची, म्हणजे तांबड्या मातीच्या रंगाची चित्रे पुष्कळदा ऑइलपेंटखाली जातात, आणि मग कोणतीही कळ ती परत आणत नाही. त्या मानाने गेमच्या जीर्णोद्धारकांनी आपल्या चुका फार लवकर ओळखल्या. २०१० मध्ये दुसऱ्या भागाच्या विशेष आवृत्तीत जुन्या चित्रांसोबत नवे आवाज ऐकण्याची सोय झाली. डिस्नेने लुकासफिल्म घेतल्यावर, २०१३ मध्ये, लुकासआर्ट्सचा गेमनिर्मितीचा विभाग बंद झाला. पण 'ग्रिम फँडँगो'चे कर्ते टिम शेफर यांच्या डबल फाइन या कंपनीने लुकासआर्ट्सचे तीन जुने गेम पुन्हा हाती घेतले. २०१५ च्या 'ग्रिम फँडँगो'साठी मेलबर्न सिंफनी ऑर्केस्ट्राने संगीत नव्याने वाजवले, पात्रांचे पोत आणि प्रकाश सुधारले गेले, आणि मूळ पार्श्वचित्रे मात्र तशीच ठेवण्यात आली. २०१६ च्या 'डे ऑफ द टेंटॅकल'मध्ये चित्रे, ध्वनी आणि हाताळणी हे तिन्ही धागे सुटे केले गेले. नवी चित्रे आणि जुनी पट्टी अशी हवी ती जोडी खेळाडूला निवडता येते. सात वर्षांपूर्वीच्या त्या एका कळीला मिळालेले हे सर्वांत नेमके उत्तर आहे.

भाषेतले अडसर मात्र कोणत्याही आवृत्तीत हलत नाहीत. 'मंकी आयलंड'च्या दुसऱ्या भागात पाण्याचा पंप बंद करायला गुंगवलेले माकड पान्यासारखे वापरायचे असते, कारण अमेरिकेत एका पान्याला 'मंकी रेंच' म्हणतात. ज्याच्या कानावर तो शब्द पडलेलाच नाही, त्याने हे ओळखावे कसे? आम्ही दोघे त्या पंपापाशी सबंध मे महिना अडकलो होतो. विशेष आवृत्तीने त्यावर मदतीची सोय दिली, कोडे बदलले नाही, आणि ते योग्यच झाले असे मला वाटते.

'डे ऑफ द टेंटॅकल'मध्ये एड नावाच्या पात्राच्या खोलीत एक संगणक आहे. त्याच्यासमोर, खेळाडू ज्याला हिंडवतो त्या बर्नार्डला उभे करून तो वापरला की १९८७ चा 'मॅनिअॅक मॅन्शन' सुरू होतो, अख्खा, शेवटपर्यंत खेळता येईल असा. रिमास्टरमध्येही तो आहे. भोवतालची खोली नव्या, नितळ रेषांची झाली आहे. आतल्या पडद्याचे ठिपके मात्र जसेच्या तसे राहिले आहेत, आणि त्याच्या तळाशी ती पंधरा क्रियापदे.