शेपटी किती सेकंदांत हलली?

नाशिकच्या कोणत्याही फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकलेल्याला ॲनाल्जेसिओमीटर, म्हणजे वेदनाशामक औषधाचा परिणाम मोजण्याचे यंत्र, ओळखीचा असतो. उंदीर होल्डरमध्ये, शेपटी बाहेर. तापलेल्या नायक्रोम तारेच्या वर, तिला न टेकवता धरायची आणि स्टॉपवॉच दाबायचे. औषध न दिलेला प्राणी काही सेकंदांतच शेपटी झटकतो, मॉर्फिननंतर वेळ लागतो. १० सेकंद झाले की शेपटी काढायचीच. ती भाजली तर त्या प्राण्याचे पुढचे आकडे बाद.

ही पद्धत १९४१ ची, डी'अमूर आणि स्मिथ यांची. त्यांनी मात्र तारेऐवजी दिव्याचा प्रकाश शेपटीवर एकवटला होता. १९४४ मध्ये वुल्फ आणि मॅकडोनल्ड यांची हॉट प्लेट आली. आज ती बहुधा ५५ अंशांवर ठेवतात आणि उंदीर पाय चाटतो की उडी मारतो, ते पाहतात. तोच उंदीर पुन्हा पुन्हा ठेवला तर तो शिकतो आणि आधीच उडी मारतो.

शेपटीच्या चाचणीची गोम वेगळीच. मज्जारज्जू मेंदूपासून तोडलेला असला तरी शेपटी हलतेच. म्हणजे मोजली जाते ती प्रतिक्षिप्त क्रिया. वेदना जाणवली का, हे तिथे कळत नाही. त्यात नाशिकची थंडी. जानेवारीत सकाळी आठला प्रयोग लावला तर शेपटीची कातडी गार असते, ती तापायला वेळ लागतो आणि औषधाविनाच 'वेदनाशमन' दिसते. खोलीचे तापमान सारखे ठेवायचे आणि कंट्रोल गट, म्हणजे औषध न दिलेले प्राणी, त्याच सकाळी घ्यायचा, दुपारी नाही.

ॲसेटिक ॲसिड पोटात टोचून आळोखेपिळोखे मोजण्याची चाचणी करायला सोपी, पण गुंगी आणणारे औषधही आकडा खाली आणते. म्हणून जोडीला रोटारॉड, म्हणजे फिरत्या दांड्यावर उंदराचा तोल पाहणारी चाचणी, हवाच. १९७७ मध्ये डुब्युइसन आणि डेनिस यांनी पंजात फॉर्मॅलिन टोचून वर्तनाला गुण दिले. त्यात दोन टप्पे दिसतात: पहिल्या पाच-दहा मिनिटांचा, मग थोडी उसंत, आणि नंतर सुजेचा लांबलेला. ॲस्पिरिनसारख्या औषधांचा परिणाम मुख्यतः दुसऱ्यात दिसतो.

चेहऱ्याकडे बघायला २०१० उजाडले. मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठातील जेफ्री मोगिल यांच्या गटाने छोट्या उंदरासाठी पाच खुणा ठरवल्या: मिटत आलेले डोळे, फुगलेले नाक, फुगलेले गाल, कान आणि मिशा. प्रत्येकीला ०, १ किंवा २. झोपाळू उंदराचे डोळे असेच दिसतात, तेव्हा एका फोटोवर गुण देऊ नयेत. याच गटाने २०१४ मध्ये दाखवले की पुरुष प्रयोगकर्त्याच्या वासानेही उंदराची वेदनेची खूण दबते. त्याने घातलेला टी-शर्ट खोलीत असला तरी पुरते.

आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्राण्यांवरील प्रयोगांचे १९९८ चे नियम आले, आणि आता संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी हातात असल्याशिवाय पिंजरा उघडता येत नाही.