ऊर्ध्व मूत्रमार्गाचा कर्करोग : शस्त्रक्रियेनंतरचे आयुर्मान ठरवणारे घटक

मूत्रपिंडात तयार झालेली लघवी ज्या पोकळीत गोळा होते ती द्रोणी आणि तेथून लघवी मूत्राशयात आणणारी, साधारण २५ सेंटिमीटर लांबीची मूत्रवाहिनी या दोहोंना मिळून ऊर्ध्व मूत्रमार्ग म्हणतात. त्याच्या आतल्या अस्तरात होणारा हा कर्करोग तुलनेने विरळा आहे. मूत्राशयालाही याच जातीचे अस्तर असते आणि या अस्तराच्या एकूण कर्करोगांपैकी ऊर्ध्व मार्गातले जेमतेम ५ ते १० टक्के भरतात. त्यांतही द्रोणीतले प्रमाण मूत्रवाहिनीतल्यापेक्षा सुमारे दुप्पट आहे. संख्येने कमी असला तरी हा आजार मूत्राशयाच्या कर्करोगाहून कपटी आहे. मूत्राशयाच्या बहुतेक गाठी निदानाच्या वेळी वरवरच्या असतात, तर ऊर्ध्व मार्गातल्या निम्म्याहून अधिक गाठी तोवर भिंतीत शिरलेल्या असतात. जोखमीच्या गाठीवर त्या बाजूचे मूत्रपिंड, संपूर्ण मूत्रवाहिनी आणि ती मूत्राशयाला मिळते तेथील भिंतीचा लहानसा तुकडा एकसंध काढणे ही प्रस्थापित शस्त्रक्रिया होय. २००९ मध्ये १२ केंद्रांतील अशा १,३६३ रुग्णांची एकत्रित पाहणी प्रसिद्ध झाली. तीत पाच वर्षांच्या अखेरीस या कर्करोगाने न दगावलेल्यांचे प्रमाण ७३ टक्के होते. ही सरासरी फसवी आहे, कारण तिच्या पोटात अगदी वेगवेगळ्या नियती दडलेल्या असतात.

त्या नियतीचा मोठा भाग शस्त्रक्रियेच्या दिवसाआधीच ठरून गेलेला असतो. गाठ किती खोल गेली, म्हणजे तिचा टप्पा कोणता, हा सर्वांत वजनदार घटक आहे. अस्तरापुरत्या किंवा त्याखालच्या पातळ थरापर्यंतच्या गाठीचे रुग्ण बहुतांशी बरे होतात, स्नायूच्या थरात शिरल्यावर चित्र बिघडू लागते, आणि गाठ शेजारच्या अवयवापर्यंत गेली असेल तर पाच वर्षे काढणारे दहांत एखाददुसरे. मूत्रवाहिनीची भिंत पातळ असते आणि तिच्याबाहेर लगेच चरबी, रक्तवाहिन्या व लसीकावाहिन्यांचे (लिम्फ हा द्रव वाहून नेणाऱ्या नलिकांचे) जाळे लागते. द्रोणीतल्या गाठीपुढे मात्र मूत्रपिंडाच्या मांसल भागाचा आडोसा असतो. म्हणूनच तिसऱ्या टप्प्यातली, म्हणजे स्नायूच्या थरापलीकडे गेलेली, मूत्रवाहिनीची गाठ त्याच टप्प्यातल्या द्रोणीच्या गाठीपेक्षा वाईट समजतात.

टप्प्याखालोखाल श्रेणी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बेबंद दिसतात, हे महत्त्वाचे. पॅथॉलॉजीच्या अहवालात आणखी एक ओळ असते, जी नातेवाईक वाचत नाहीत आणि डॉक्टर सर्वांत आधी शोधतात : गाठीच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत किंवा लसीकावाहिन्यांत शिरल्या आहेत का. सुमारे पाचांतील एका रुग्णात त्या शिरलेल्या आढळतात आणि लसीकाग्रंथी स्वच्छ असूनही त्यामुळे आजार उलटण्याची शक्यता वाढते. ग्रंथींतच रोग पोचला असेल तर भवितव्य अर्थातच आणखी कठीण. तुऱ्यासारखी वाढणारी गाठ त्यातल्या त्यात बरी, रुंद बुडाची बैठी गाठ वाईट. एकाहून अधिक ठिकाणच्या गाठी, गाठीतील मृत ऊतक आणि कापलेल्या कडेवर राहिलेल्या पेशी हीही अशुभ चिन्हे आहेत.

खानदेशाचा स्वतंत्र विचार येथे करावा लागतो तो वेळेच्या मुद्द्यावर. जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात उन्हाळा कडक, शेतातले काम घाम काढणारे आणि मुतखडा घरोघरी ओळखीचा. लघवी लालसर झाली की ‘उन्हाळी लागली’ म्हणून धने-जिऱ्याचे पाणी सुरू होते, किंवा ‘खडा असेल, पडून जाईल’ असे मानले जाते. या कर्करोगातले रक्त बहुधा वेदनेविना येते आणि चार दिवसांनी आपोआप थांबते. हे थांबणेच घात करते. सोनोग्राफीत ‘किडनीला सूज’ दिसली तरी ती खड्याच्या खाती जमा होते. वास्तविक फरक दिसण्याजोगा असतो : साध्या सीटी स्कॅनमध्ये खडा पांढरा ठिपका म्हणून उठून दिसतो, तर गाठ शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध टोचल्यावर पांढऱ्या झालेल्या लघवीच्या प्रवाहात काळी पोकळी म्हणून उमटते. खडा सापडला नाही आणि सूज मात्र आहे, अशा वेळी हे औषध टोचून केलेला स्कॅन टाळणे परवडणारे नाही. मूत्रवाहिनीच्या गाठीने आलेली सूज स्वतःच पुढारलेल्या रोगाची खूण मानली जाते, आणि निदानानंतर शस्त्रक्रिया तीन महिन्यांपलीकडे लांबल्यास निकाल बिघडतो असे अनेक पाहण्यांत आढळले आहे. कपाशीची वेचणी उरकू दे, मग बघू, या हिशेबात तीन महिने सहज निघून जातात.

शस्त्रक्रियेतला निर्णायक भाग म्हणजे मूत्रवाहिनीचे खालचे टोक. ते मागे राहिले तर त्याच थोटकात आजार पुन्हा डोके काढतो. दुर्बिणीने केलेल्या शस्त्रक्रियेचे निकाल मर्यादित रोगात उघड्या शस्त्रक्रियेइतकेच येतात. गाठ भिंतीबाहेर गेली असेल तर मात्र उघडी पद्धत अधिक भरवशाची, असे मानणारा वर्ग मोठा आहे. कमी श्रेणीच्या लहान गाठीत मूत्रपिंड वाचवून लेसरने गाठ जाळता येते किंवा मूत्रवाहिनीचा तेवढाच भाग काढता येतो, आणि योग्य निवड झाल्यास आयुर्मान घटत नाही.

केमोथेरपीची अडचण या आजारात विशेष आहे. सिस्प्लॅटिन हे मुख्य औषध सोसायला मूत्रपिंडांची गाळणक्षमता सहसा मिनिटाला ६० मिलिलिटरच्या आसपास लागते, आणि एक मूत्रपिंड काढल्यावर अनेक रुग्ण त्याखाली घसरतात. राहिलेले मूत्रपिंड मधुमेहाने किंवा वर्षानुवर्षांच्या खड्यांनी झिजलेले असेल तर विचारायलाच नको. म्हणून जोखमीच्या रुग्णांना दोन्ही मूत्रपिंडे शाबूत असतानाच औषध द्यावे, हा विचार बळावतो आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या औषधाचा पुरावा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पाऊट’ या ब्रिटिश चाचणीने दिला. तीत २६१ रुग्ण होते; शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांच्या आत केमो सुरू झालेल्यांपैकी ७१ टक्के तीन वर्षांनी रोगमुक्त होते, केवळ देखरेखीखाली ठेवलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के. त्यामुळे पॅथॉलॉजीचा अहवाल पिशवीत पडून राहणे म्हणजे औषधाची मुदत वाया घालवणे होय. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश असल्याने, कागदपत्रांची तयारी शस्त्रक्रियेच्या आधीच करून ठेवणे हिताचे ठरते.

रुग्णाची स्वतःची प्रकृतीही हिशेबात येते. वय, अंगातली ताकद, रक्तातील हिमोग्लोबिन व अल्ब्युमिन हे प्रथिन आणि झिजलेले स्नायू यांचा निकालाशी संबंध आढळतो. धूम्रपान हे तर या कर्करोगाचे प्रमुख कारण. बिडीच्या धुरातील विषारी द्रव्ये लघवीतून बाहेर पडताना या अस्तराला भिडतात. निदानानंतरही बिडी चालू ठेवणाऱ्यांत आजार उलटण्याचे प्रमाण अधिक दिसते. झाडपाल्याच्या औषधांपैकी सापसंद ऊर्फ ईश्वरी या वेलीच्या प्रजातीत ॲरिस्टोलोकिक आम्ल असते. ते मूत्रपिंड निकामी करते आणि हाच कर्करोगही घडवते. तैवानमध्ये या आजाराचे प्रमाण जास्त असण्यामागे अशा वनस्पतींची औषधे हे एक कारण मानले जाते.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी साधारण २२ ते ४७ टक्के रुग्णांच्या मूत्राशयात नंतर गाठ उगवते, आणि आधी मूत्रवाहिनीत दुर्बीण घातली गेली असल्यास हा धोका वाढतो. शस्त्रक्रियेनंतर मूत्राशयात मायटोमायसिन या केमोच्या औषधाचा एक डोस सोडल्यास तो कमी होतो. या गाठी वेळेत सापडल्या तर दुर्बिणीतूनच खरवडून काढता येतात आणि सहसा जिवावर बेतत नाहीत. म्हणून पहिली तपासणी तीन महिन्यांनी आणि पुढे कित्येक वर्षे ठरावीक अंतराने करावी लागते. दुसऱ्या बाजूच्या मूत्रमार्गात रोग २ ते ६ टक्के रुग्णांत होतो. रुग्ण साठीच्या आतला असेल, किंवा घरात मोठ्या आतड्याचा वा गर्भाशयाचा कर्करोग झालेला असेल, तर लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषाची चाचणी सुचवतात, आणि ती सकारात्मक आल्यास भावंडांना व मुलांनाही तपासणीला बोलावतात.