लाल कल्ले आणि कीटकनाशकाचा अंश

‘मासा जिवंत आणि कल्ले लालभडक असतील, तर त्यात कीटकनाशक नाही, असलेच तर मीठ-हळदीने निघून जाते,’ असा संदेश बरीच वर्षे फिरतो आहे. नाशिकच्या बाजारात रोहू-कटला घेताना कल्ला उचलून पाहण्याची सवय योग्यच आहे, परंतु त्यावरून मासा ताजा आहे एवढेच कळते.

द्राक्षबागेतील फवारणीचा अंश पावसाबरोबर ओढ्यात उतरला, तर तो कल्ल्यांतून आणि खाद्यातून माशाच्या शरीरात जातो. तेथे यकृतातील विकरे (एन्झाइम) कीटकनाशकाचा रेणू तोडतात किंवा त्याला ऑक्सिजन जोडतात. मग पाण्यात विरघळणाऱ्या दुसऱ्या रेणूची जोड मिळून तो पित्तावाटे व मूत्रावाटे बाहेर पडू लागतो. मॅलेथिऑनसारखी कीटकनाशके अशी तुलनेने लवकर निघून जातात, मात्र वाटेत मॅलेथिऑनचे काही अंशी मॅलाऑक्सॉन हे अधिक विषारी रूपही तयार होते. डीडीटी या कीटकनाशकाचे तसे नाही. त्याचे डीडीई हे रूप तयार होते, आणि ते अतिशय चिवट असल्याने चरबीत दीर्घकाळ साठून राहते. मासा मात्र पोहतच असतो.

चरबीत मुरलेला हा अंश मीठ-हळदीने धुतला जात नाही. मासा साफ करताना पोटाजवळची चरबी बोटांना लागली, तर नुसत्या पाण्याने तीदेखील सुटत नाही, हे कोणालाही पडताळता येईल. ती चरबी, कातडी आणि यकृत काढून टाकल्यास असा अंश कमी होतो, हे खरे आहे. नेमके प्रमाण मात्र प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीसारख्या चाचणीनेच मोजावे लागते.