फुलपाखरांची ओळख आणि फाटके पंख (नाशिक परिसर)

पावसाळा सरला की नाशिकला पांडवलेणीच्या पायथ्याशी, अंजनेरीच्या वाटेवर, अगदी दारातल्या कढीपत्त्यावरसुद्धा फाटक्या पंखांची फुलपाखरं सर्रास दिसतात, आणि ओळखताना घोळ होतो तो यांच्यामुळेच.

पंखाची जखम भरून येत नाही. कोषातून बाहेर आल्यावर शिरांमधे द्रव ढकलून पंख फुलवले जातात, ते वाळून कडक झाले की पुढे दुरुस्ती नाही. रंग असतो बारीक खवल्यांचा आणि खवले घासून गळत राहतात, म्हणून फिकट दिसलं तर बहुतेक वेळा ते वय झालेलं फुलपाखरू असतं, वेगळी जात नाही.

फाटलंय कसं ते नीट बघा. दोन्ही बाजूंना सारखाच व्ही आकाराचा तुकडा गेला असेल तर पंख मिटून बसलेलं असताना पक्ष्याने नाहीतर सरड्याने धरलेलं असतं. कडा नुसत्या विरल्या असतील तर काटे, गवत, वारा आणि वय. छोट्या निळ्या फुलपाखरांमधे बऱ्याच जातींना मागच्या पंखाच्या टोकाला डोळ्यासारखा ठिपका आणि बारीक शेपटी असते, शिकारी त्यालाच डोकं समजून चावतो, म्हणजे तो कोपरा गायब दिसला तर युक्ती कामाला आली, जीव वाचला! मला ही खूण सगळ्यात भारी वाटते.

ओळख पटवताना कडांवर भरवसा नको, शरीर आणि पंखाचा मधला भाग बघायचा. बहुरूपी (कॉमन मॉरमॉन) फुलपाखराच्या मादीचं एक रूप कॉमन रोझ या दुसऱ्या फुलपाखराची हुबेहूब नक्कल करतं, पण रोझचं अंग लाल आणि या मादीचं काळं. रुईवर वाढणाऱ्या बिबळ्या कडव्याच्या (प्लेन टायगर) मागच्या पंखाच्या मधोमध काळे ठिपके असतात, त्याची नक्कल करणाऱ्या डॅनाइड एगफ्लाय फुलपाखराच्या मादीला तसे नसतात. बहुरूपीच्या शेपट्या तुटल्या की लोक त्याला बिनशेपटीचा निलवंत (ब्लू मॉरमॉन) म्हणून मोकळे होतात, पण निलवंताच्या (२०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू) मागच्या पंखावर निळा पट्टा असतोच.

फाटलेलं फुलपाखरू उचलू नका, बोटांनी उरलेले खवलेही जातात आणि बराचसा पंख गेला तरी ते उडतं, मध पितं, अंडीही घालतं. चुरगळलेले ओले पंख दिसले तर तास दोन तास थांबा, ते नुकतंच कोषातून निघालेलं असू शकतं.