छिद्र एवढंसं, मग चीर एवढी मोठी का?

पायलोनायडल सायनसच्या फ्लॅप ऑपरेशनची तारीख घेतलेल्यांसाठी

माकडहाडाजवळ मोहरीएवढं छिद्र आणि डॉक्टर तळहाताएवढी चीर सांगतात, हा प्रश्न ओपीडीत सारखा येतो, म्हणून लिहून देतो.

छिद्र हे नुसतं तोंड. आत केसांचा पुंजका असतो आणि त्याला फुटलेल्या वाटा. ते सगळं काढून जखम सरळ मधोमध शिवली, तर टाके दोन कुल्ल्यांमधल्या घामट घळीत येतात आणि तिथली जखम लवकर धरत नाही. ग्रीक सैन्यातले सर्जन कारिडाकिस यांनी याचसाठी टाक्यांची रेघ बाजूला सरकवली. आम्ही बहुतेकदा लिंबर्ग फ्लॅप करतो. शंकरपाळीच्या आकाराचा भाग काढायचा आणि शेजारची कातडी चरबीसकट फिरवून तिथे बसवायची. घळ उथळ होते, टाक्यांवर ताण कमी येतो. शंकरपाळीचं खालचं टोक आम्ही मधल्या रेघेपासून सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर बाजूला घेतो, कारण उसवतं ते तेच.

आणि ते उसवतं बसल्यामुळे. चौथ्या-पाचव्या दिवशी दुखणं थांबतं, पेशंटला वाटतं झालं. एक तरुण पाचव्या दिवशी ड्रेसिंगला स्वतः बाईक चालवत आला. पट्टी काढली तर खालचे दोन टाके कातडी कापून सुटलेले, आत बोटाचं पेर जाईल एवढी फट. पुढे कित्येक आठवडे रोज ड्रेसिंग. त्याची नोकरी खोळंबली, आमच्या सिस्टरांची रोज सकाळ त्यातच गेली. म्हणून कळकळीने सांगतो, टाके निघेपर्यंत कुशीवर किंवा पालथं झोपा, उभं राहा, चाला. संडासला बसा, पण कमोडवर आणि थोडाच वेळ. ड्रेसिंगला येताना रिक्षात मागच्या सीटवर आडवे या, कुणी हसलं तरी चालेल.

'दुसरीकडे त्याच दिवशी घरी सोडतात,' असंही ऐकतो. आम्ही ड्रेनची नळी घालतो, फ्लॅपखाली पाणी साचू नये म्हणून, आणि पहिली पट्टी स्वतः उघडून बघतो. त्यासाठी ठेवून घेतो. प्रत्येकाला फ्लॅप लागतोच असंही नाही. छिद्र लहान आणि पहिल्यांदाच झालेलं असेल तर छोट्या ऑपरेशनवर भागतं. तपासल्यावर तसं स्पष्ट सांगतो.

टाके दहाव्या ते चौदाव्या दिवशी निघतात. नंतर तिथले केस वाढू देऊ नका. कसे काढायचे ते सिस्टर दाखवतील, त्याचे पैसे नाहीत. पट्टी भिजली, ताप आला किंवा जागा फुगली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ या.