‘नेव्हरमाइंड’ने एका रात्रीत बाजी मारली?

१९९१चा सर्वोत्तम रॉक अल्बम कोणता, हा वाद निघाला की कुणीतरी ठासून सांगतंच: निर्वाना या अमेरिकी रॉक बँडचा ‘नेव्हरमाइंड’ आला आणि एका रात्रीत बाकीच्यांचा सुपडा साफ झाला. तारखा पाहिल्या की ही लोणकढी थाप उघडी पडते. २४ सप्टेंबरला अल्बम आला, तेव्हा अमेरिकेतल्या दुकानांत जेमतेम ४६ हजार प्रती गेल्या होत्या. बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या खपाच्या यादीत तो शिरला १४४व्या क्रमांकावर. पुढे एमटीव्ही या संगीत वाहिनीने त्यातलं ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ हे गाणं उचलून धरलं, तसतसा तो वर चढत गेला. मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला हटवून पहिला आला तो जानेवारी १९९२मध्ये. म्हणजे वर्ष सरल्यावर!

आल्या आल्या पहिला नंबर पटकावला होता मेटॅलिकाच्या काळ्या मुखपृष्ठाच्या अल्बमने, ऑगस्टमध्ये. सप्टेंबरात गन्स अँड रोझेसच्या ‘यूज युअर इल्युजन’चे दोन भाग एकाच दिवशी आले आणि पहिल्या दोन जागा अडवून बसले (गंमत म्हणजे दुसरा भाग वर, पहिला खाली). पर्ल जॅमचा ‘टेन’ही ‘नेव्हरमाइंड’च्या आधीचा, तोही रखडतच वर आला.

माझं मत तरीही ‘नेव्हरमाइंड’लाच, पण ते निव्वळ गाण्यांच्या जोरावर.