गाळ, मीठ आणि मधली गर्दी

चिकणमातीने गढूळ केलेल्या पाण्याचे दोन ग्लास घ्या. एकात चमचाभर मीठ विरघळवा, दुसरा तसाच ठेवा. मिठाच्या ग्लासातलं पाणी काही तासांत वरून निवळायला लागतं. दुसरं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच असतं. (प्रयोगासाठी ऊर्ध्वपातित पाणी घ्यावं. क्षारांचं जड पाणी घेतलं तर दोन्ही ग्लासांत गाळ बसतो आणि बघणाऱ्यांसमोर आपली फजिती होते.)

असं का होतं, याचं उत्तर मी शाळेत असताना लिहिलं होतं. मातीच्या कणांवर ऋणप्रभार असतो, मिठातले सोडियमचे धन आयन त्या कणांवर जाऊन बसतात, प्रभार नाहीसा होतो, मग कण एकमेकांना चिकटतात आणि खाली बसतात. पूर्ण गुण मिळाले. पण या उत्तराचं पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं बरोबर आहे. मधलं जवळजवळ सगळं चूक. सोडियमचे बहुतेक आयन कणावर बसत नाहीत, आणि कणावरचा प्रभार बहुतांशी जिथल्या तिथेच राहतो. बसण्याऐवजी ते जे करतात ते मला इतकं आवडतं की हा लेख त्यासाठीच लिहितो आहे.

आधी कणांबद्दल थोडक्यात. एक ते हजार नॅनोमीटरच्या दरम्यानचे कण पाण्यात तरंगत असले की त्याला कलिल म्हणतात. इंग्रजीतला मूळ शब्द थॉमस ग्रॅहमने १८६१मध्ये रूढ केला. मातीच्या कणांवर प्रभार येतो तो स्फटिकाच्या जडणघडणीतूनच: सिलिकॉनच्या जागी कुठे कुठे ॲल्युमिनियम बसलेलं असतं, ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम, आणि दर बदलीमागे एक धनप्रभार कमी पडतो. म्हणजे हा ऋणप्रभार दगडात कोरल्यासारखा कायमचा. त्याची भरपाई करायला तेवढेच धन आयन कणाच्या आसपास असावेच लागतात. कण आणि त्याचे सोबती मिळून बेरीज शून्य. ग्लासभर गढूळ पाणी एकूणात उदासीनच असतं.

प्रश्न आहे तो हे सोबती नेमके कुठे असतात याचा. हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकात सरळ चित्र काढलं होतं: पृष्ठभागावर ऋणप्रभाराचा थर, त्याला खेटून धन आयनांचा दुसरा थर, संपला विषय. माझ्या शाळेतल्या उत्तरामागे हेच चित्र होतं. त्यात एक गोष्ट राहून गेली होती, ती म्हणजे उष्णता.

आता क्षणभर पाण्यातून बाहेर येऊन वर बघा. हवेचा प्रत्येक रेणू पृथ्वी खाली खेचते आहे. मग सगळी हवा जमिनीवर गाळासारखी का बसत नाही? कारण रेणू उष्णतेमुळे सतत धडपडत असतात. खेच विरुद्ध धडपड, या ओढाताणीतून वातावरण तयार होतं: जमिनीलगत दाट, वर जाऊ तसं विरळ, साधारण दर आठ किलोमीटरला एक तृतीयांशाच्या आसपास उरणारं. मातीच्या कणाभोवती धन आयनांचं अगदी असंच वातावरण असतं. गणितही तेच, बोल्ट्झमनचं; फक्त गुरुत्वाच्या जागी विद्युतबल आणि किलोमीटरच्या जागी नॅनोमीटर घालायचे.

हे चित्र लुई जॉर्ज गुई यांनी १९१०मध्ये आणि डेव्हिड चॅपमन यांनी १९१३मध्ये स्वतंत्रपणे मांडलं. गुई यांनी त्याआधी पाण्यातल्या कणांच्या थरथरीचा, म्हणजे ब्राउनीय गतीचा, बारकाईने अभ्यास केला होता. कण थरथरतात हे ज्याने तासन्‌तास पाहिलं आहे, त्याला आयन मात्र शिस्तीत एका थरात उभे राहतील हे पटलं नसावं, असा आपला माझा अंदाज.

थोडे आकडे घेऊ. नेहमीच्या तापमानाला उष्णतेच्या धडपडीची विद्युत भाषेतली किंमत सुमारे २५.७ मिलिव्होल्ट होते. कणाच्या पृष्ठभागाशी विभव (म्हणजे व्होल्टमध्ये मोजतात ती विद्युत पातळी) त्याच्या तिप्पट, म्हणजे उणे ७७ मिलिव्होल्ट असेल, तर तिथे सोडियमचे आयन लांबच्या पाण्यापेक्षा वीसपट दाट असतात, आणि क्लोराइडचे वीसपट विरळ. नीट बघा: धन आयन जमतात तसे ऋण आयन हाकलले जातात. पण जमणारे खूप आणि हाकलले जाणारे थोडे. बाहेर दर जागेला एक आणि एक मिळून दोन आयन असतील, तर इथे वीस अधिक एक विसांश. हे विषम गणित लक्षात ठेवा, पुढे सगळा खेळ त्यावर आहे.

पृथ्वीच्या वातावरणापेक्षा इथे एक गोष्ट वेगळी. हवेचे रेणू पृथ्वीची ओढ झाकत नाहीत. आयन मात्र स्वतः प्रभारित, त्यामुळे जवळचे आयन कणाचा प्रभार लांबच्या आयनांपासून झाकून टाकतात. त्यामुळे कणांभोवतीचे आयनांचे हे ढग फार पसरू शकत नाहीत. ढगाच्या जाडीला डिबाय लांबी म्हणतात. साध्या मिठासाठी ती काढायला सोपं सूत्र आहे: लिटरमागे मिठाचे जितके मोल, त्यांच्या वर्गमुळाने ०.३०४ला भागा, उत्तर नॅनोमीटरमध्ये. लिटरला एक सहस्रांश मोल मीठ असेल तर ९.६ नॅनोमीटर. लिटरला पाच ग्रॅम मीठ असेल तर जेमतेम एक. समुद्रात त्याच्याही निम्म्याहून कमी, म्हणजे पाण्याच्या एखाद-दुसऱ्या रेणूएवढी. आणि अतिशुद्ध पाण्यात जवळपास हजार नॅनोमीटर. मात्र हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून तेही टिकू देत नाही, प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास हाती लागतात.

आता मुख्य गोष्ट. दोन मातीचे कण, दोघांवर ऋणप्रभार, एकमेकांजवळ आले की दूर ढकलले जातात. का? "समान प्रभार एकमेकांना ढकलतात" हे उत्तर ओठांवर येतंच. पण प्रत्येक कण आपला ढग धरून उदासीन आहे. लांबून बघणाऱ्याला तिथे प्रभार दिसतच नाही. मग ढकलतं कोण?

कण म्हणजे दोन समांतर पत्रे आहेत असं समजा, आणि बरोबर मधोमध एक काल्पनिक पडदा लावा. डावीकडून ऋण पत्रा सोडियमला डावीकडे ओढतो, उजवीकडून दुसरा पत्रा तेवढंच उजवीकडे. मधोमध विद्युतक्षेत्र शून्य. म्हणजे त्या पडद्यावर विद्युतबलाचा दाब मुळी नाहीच. तरीही पत्रे दूर ढकलले जातात, कारण दोन्ही ढग तिथे एकमेकांत शिरलेले असतात आणि बाहेरच्या पाण्यापेक्षा तिथे आयनांची गर्दी जास्त असते. जिथे विरघळलेले कण जास्त, तिथे पाणी शिरायला बघतं. म्हणजे परासरणच! सुकलेला मनुका पाण्यात फुगतो त्याच कारणाने दोन कणांमधली फट फुगते. प्रभाराचं काम एवढंच की तो आयनांना फटीत कोंडून ठेवतो. ढकलण्याचं काम कोंडलेल्या गर्दीचा दाब करतो.

हा दाब किती? समजा बाहेर लिटरला एक सहस्रांश मोल मीठ आहे आणि मधोमध विभव उणे २५.७ मिलिव्होल्ट. तिथे सोडियम २.७२ पट, क्लोराइड ०.३७ पट, बेरीज ३.०९. बाहेर बेरीज २. जादा १.०९. एवढ्या फरकाचा परासरी दाब सुमारे २७०० पास्कल भरतो, म्हणजे चौरस मीटरवर पावणेतीनशे किलोचं ओझं ठेवल्याइतका. इतक्या विरळ पाण्यातून! इर्विंग लँगम्यूरने १९३८मध्ये हा हिशेब या रूपात मांडला. (जाणकारांसाठी: पडदा मधोमध न लावता पत्र्याजवळ लावलात तर दाबाचा काही वाटा विद्युतबलाच्या नावे जमा होतो, पण एकूण बेरीज तीच येते. मधोमध लावला की पदर सुटा दिसतो, म्हणून मी तिथे लावला.)

मग मीठ टाकल्यावर काय बिघडतं? बाहेरची गर्दी वाढते. ढग आकसतात, मधोमध विभव जवळजवळ शून्यावर येतं, आणि फटीत जेवढे आयन तेवढेच बाहेर. दाबातला फरक संपला. कण आता एक-दोन नॅनोमीटरपर्यंत जवळ येऊ शकतात, आणि तिथे व्हॅन डर वाल्सचं आकर्षण वाटच बघत असतं. ते सगळ्याच पदार्थांत असतं, मिठाने फारसं बदलत नाही, पण त्याचा आवाका तोकडा. एकदा त्याच्या तावडीत सापडले की कण साकळतात, गुठळ्या जड होतात आणि तळ गाठतात. ढगाचा दाब आणि व्हॅन डर वाल्सचं आकर्षण यांची वजाबाकी डेरयागिन आणि लँडाऊ यांनी १९४१मध्ये सोव्हिएत संघात केली, तीच वेरवे आणि ओवरबीक यांनी हॉलंडमध्ये स्वतंत्रपणे करून १९४८मध्ये छापली. चौघांच्या आद्याक्षरांवरून तिला डीएलव्हीओ सिद्धांत म्हणतात.

परिणाम मात्र कितीतरी आधी दिसला होता. मायकेल फॅरेडेने १८५७मध्ये सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचं माणकासारखं लाल द्रव रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तयार केलं आणि त्यात मीठ टाकलं की ते निळं होतं हे नोंदवून ठेवलं. कण जवळ आले की प्रकाश शोषण्याची त्यांची रीत बदलते, म्हणून हा रंगबदल. गंमत अशी की "आयन" हा शब्द त्यानेच १८३४मध्ये प्रचारात आणला होता, पण या निळेपणामागे आयनांचे आकसलेले ढग आहेत हे कळायची सोय त्याच्या काळात नव्हती.

इथे थोडं विषयांतर. आयन, प्रभार, कलिल हे शब्द जाहिरातवाल्यांना फार प्रिय आहेत. "आयनभारित" पाणी शरीराला म्हणे विद्युतऊर्जा देतं. वर सांगितलंच, पाण्यात आयनांचा धन आणि ऋण प्रभार समसमान असतो. कुठलाही पेला प्रभारित नसतो. शिवाय रक्तात एवढे क्षार आहेत की तिथली डिबाय लांबी एका नॅनोमीटरच्याही आत येते. कुणा कणाचा प्रभार त्यापलीकडे जाऊन पेशींना "जागं" करेल, ही भौतिकीच्या दृष्टीने निव्वळ थाप आहे. कलिली चांदीचे औषधी थेंब तर थापेच्या पुढचे: ते वर्षानुवर्षं घेणाऱ्यांची कातडी कायमची निळसर राखाडी झाल्याच्या नोंदी आहेत.

परत आयनांकडे. सोडियमऐवजी कॅल्शियम घेतलं, दोन प्रभारांचं, तर गाळ बसवायला खूपच कमी लागतं. ॲल्युमिनियम, तीन प्रभारांचं, त्याहूनही कमी. शुल्झ आणि हार्डी यांनी १९००पर्यंत हा नियम प्रयोगांतून बांधून दिला होता. डीएलव्हीओच्या गणितातून, पृष्ठभागाचं विभव बरंच जास्त धरलं तर, प्रमाण निघतं १ : १/६४ : १/७२९, म्हणजे प्रभाराच्या सहाव्या घाताने घट. पाठ्यपुस्तकं लगेच तुरटीचं उदाहरण देतात, आणि इथेही अर्धंच सत्य असतं. तुरटीतलं ॲल्युमिनियम पाण्यात तीन प्रभारांचा सुटा आयन म्हणून फार काळ राहत नाही. पाण्याशी त्याची अभिक्रिया होते आणि हायड्रॉक्साइडचा बुळबुळीत साका तयार होतो. जलशुद्धीकरण केंद्रात गाळ खाली नेतो तो बराचसा हा साका, जाळं टाकून मासे ओढावेत तसा.

जास्त प्रभाराच्या आयनांपाशी गुई-चॅपमनचं चित्रही डळमळतं. त्या गणितात प्रत्येक आयनाला बाकीच्यांचा फक्त सरासरी ढग जाणवतो, शेजारी नेमका कुठे आहे हे नाही. सोडियमला ते चालून जातं. कॅल्शियमचे आयन मात्र एकमेकांना इतके जोरात टाळतात की अरुंद फटीत एकाची जागा दुसऱ्याची जागा ठरवते. इकडच्या पत्र्यावरचा आयन आणि तिकडच्या पत्र्यावरचा आयन एकमेकांच्या रिकाम्या जागांसमोर येतात, आणि दोन ऋण पत्र्यांमध्ये चक्क आकर्षण निर्माण होतं. सरासरीच्या गणितातून ते कधीच निघत नाही. सिमेंट घट्ट होण्यात या आकर्षणाचा मोठा वाटा आहे.

मातीतही हेच. मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती सोडियमसोबत असेल तर तिचे नॅनोमीटरभर जाडीचे पापुद्रे कमी क्षारांच्या पाण्यात फुगत फुगत पार सुटे होतात. कॅल्शियमसोबत असेल तर पापुद्र्यांमध्ये जेमतेम नॅनोमीटरभर पाणी शिरतं आणि फुगणं तिथेच थांबतं.

चोपण जमिनीचं दुखणं हेच आहे. तिच्यातल्या चिकणमातीसोबत सोडियम जास्त असतं. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे ढग फुलतात, कण सुटे होऊन छिद्रं बुजवतात आणि पाणी मुरेनासं होतं. उपाय म्हणून जिप्सम घालतात, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि कण पुन्हा गुठळ्या धरतात. जमीन खारवटही असेल आणि चोपणही, तर क्रमाला महत्त्व येतं. तिच्यातले जादा क्षारच तोवर ढग आकसून धरत असतात. ते गोड्या पाण्याने आधी धुऊन काढले तर चांगली मोकळी दिसणारी जमीनही चिखल होऊन बसते. म्हणून आधी जिप्सम घालायचं आणि मगच पाणी सोडायचं.